जाड, तिरपी, काळी

गुलबर्ग्यात एका कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. कॉम्प्युटरशी माझा अधिकृत संबंध हॉलतिकिटं छापण्यापुरता. पण दोन हजार दहा साली संध्याकाळचा क्लास लावून मी एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट शिकलो, आणि शिकलेलं कुठं वापरावं हे सुचेना, म्हणून ते मेव्हणीच्या लग्नात वापरलं.

मेव्हणी म्हणजे माझ्या बायकोची, रेणूची, धाकटी बहीण प्रतीक्षा. कोहिनूर गावच्या इरप्पांचा मुलगा नागराज पुण्याला नोकरीत होता. एका नातेवाइकाच्या लग्नात तिनं त्याला पाहिलं होतं आणि तो तिला मनापासून आवडला होता. आता बापलेक रीतसर तिला बघायला आमच्या घरी येणार होते.

"दाजी, बायोडाटा कागदावरच द्या," प्रतीक्षा म्हणाली.

"कागदावर कुणीबी देतंय," मी म्हणालो, आणि ब्राउझरमध्ये उघडेल असा बायोडाटा लिहायचा प्रोग्रामच करायला घेतला.

इथवर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण क्लासच्या सरांनी एक गंमत दाखवली होती. शब्दावरून माऊस ओढला की त्या शब्दाच्या डोक्यावर एक छोटी पेटी उगवते, पेटीत बटणं असतात, बटण दाबलं की अक्षरांचं रूप बदलतं. अशी पेटी आपल्याकडं पाहिजेच, असं मी ठरवलं. (ठरवणं हा माझा जुना आजार आहे.) बटणांवर इंग्रजी कशाला, म्हणून मी मराठीत लिहिलं: जाड, तिरपं, काळं.

रेणूनं मागून वाचलं. ती शाळेत मराठी शिकवते.

"तिरपं कामून लिवलंय? अक्षर एकच हाय का? अक्षरं तिरपी. अक्षरं काळी. बहुवचन हाय की हो ते!"

मराठीच्या बाईंशी व्याकरणावरून कोण भांडणार? मी निमूटपणे 'जाड', 'तिरपी', 'काळी' केलं. चौथं बटण केलेले बदल पुसणारं. त्यावर लिहिलं 'काढून टाका'. ही पेटी फक्त लिहिणाऱ्याला दिसावी, वाचणाऱ्याला दिसू नये, यासाठी आणखी दोन ओळी लिहायच्या होत्या. त्या राहून गेल्या.

पाहुणे आले. इरप्पांना मी मानानं कॉम्प्युटरसमोर बसवलं, शेजारी नागराज. एवढ्यात यूपीएस कुंई कुंई करायला लागला. त्याची पिन ढिली होती, दाबून धरावी लागायची. मी टेबलाखाली शिरलो. (शिरताना सोपं गेलं. माझ्या पोटाचा घेर पाहता, निघायचं कसं याचा विचार आधी करायला हवा होता.)

इरप्पांना ओळीखाली बोट फिरवत वाचायची सवय. इथं बोटाऐवजी त्यांनी माऊस फिरवला, तोही बटण दाबून.

"कुमारी प्रतीक्षा," ते मोठ्यानं वाचू लागले. मग थांबले. "जाड. तिरपी. काळी."

वर खुर्ची करकरली. मला वाटलं, पाहुणे थक्क झाले.

"पाव्हणे, ह्ये तुमीच लिवलंय का?"

"व्हय, मीच," मी खालून अभिमानानं सांगितलं. "लई मेहनत घेतली बघा."

"घरात ठावं हाय?"

"आमच्या हिनंच दुरुस्त करून दिलं! मी आधी 'तिरपं' लिवलं होतं. ती म्हणली, तिरपी करा."

"सख्खी बहीण ना ती?" इरप्पांचा आवाज बारीक झाला. "आवं, मग झाकून तरी ठेवायचं!"

"झाकलेलंच असतंय की! नावावरून ओढलं की भाईर येतंय."

"आन् खाली 'काढून टाका' म्हंजे?"

"पसंत न्हाई पडलं तर काढून टाकायचं. आपली जबरदस्ती न्हाई."

तेवढ्यात प्रतीक्षा सुशीला घेऊन आली. (चुरमुऱ्यांचा हा पदार्थ तिच्या हातचा फार चांगला होतो. तो त्या दिवशी कुणी चाखलाच नाही.) इरप्पा तिच्या डोळ्यांत रोखून बघत होते, असं मला नंतर कळलं.

"लेकी, भिंतीकडं बघ. आता माझ्याकडं बघ. डोळं तर सरळ हायती की गं!"

प्रतीक्षानं स्क्रीनकडं पाहिलं. टेबलाखालून मला फक्त तिची पावलं दिसत होती, ती मागं सरकली. त्या पोरीचं मन मी चार बटणांत मोडलं होतं.

पण ती रडली नाही. तिनं ताट ठेवलं, माऊस हातात घेतला आणि बायोडाट्यात खाली 'थोरले दाजी: अनिलकुमार' असं होतं, त्यावरून ओढला.

"बघा अप्पा, दाजीबी जाड, तिरपी, काळी. ही अक्षरांची बटणं हायती, माणसांची न्हाईत."

तिनं 'जाड' दाबलं. माझं नाव फुगलं. इरप्पांनी आधी नावाकडं, मग वाकून टेबलाखाली माझ्याकडं बघितलं.

"ह्ये एक मात्र खरं लिवलंय," ते म्हणाले.

नागराज इतका हसला की त्याला ठसका लागला. प्रतीक्षानं त्याला पाणी दिलं आणि तीही हसली. लग्न तिथंच ठरलं. मला बाहेर काढायला मात्र टेबल उचलावं लागलं.

इरप्पांनी एकच अट घातली. लग्नपत्रिकेचा मजकूर हातानं लिहून प्रेसला द्यायचा, मी मधे पडायचं नाही. रेणूनं तो सुवाच्य अक्षरात लिहिला. मी हिरमुसून बसलो होतो म्हणून तिला माझी दया आली. निमंत्रकांत माझं नाव उठून दिसावं, म्हणून तिनं प्रेसवाल्यासाठी नावापुढं एक शब्द लिहिला. प्रेसवाल्यानं तो इमानदारीनं छापला.

कोहिनूरला मांडवात मी शिरलो, तसा माइक खरखरला. "नवरीचे दाजी श्री. अनिलकुमार जाड यांनी आहेर घ्यायला स्टेजवर यावं!"

माझ्या डोक्याला फेटा बांधता बांधता इरप्पांनी माझ्या पोटाकडं एकवार पाहिलं.

"तुमचं आडनाव पत्रिकेत वाचलं, पाव्हणे," ते म्हणाले. "शोभतंय."