अकरा नंबरचा मान

कॉम्प्युटरला नंबर कसे द्यायचे, हे प्रविण पेणच्या क्लासात शिकला होता. त्या नंबरांचा मान कोणाला द्यायचा, हे मात्र कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. रोह्याच्या रंगाच्या कारखान्यात त्याचं घोडं अडलं ते नेमकं इथंच.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. ऑफिसातल्या तीन टेबलांवर तीन नवे कॉम्प्युटर आले होते. चौथा, म्हणजे सर्व्हर, मागच्या खोलीत कुलपात होता आणि प्रिंटर त्याच्या ताब्यात होता. संध्याकाळी सर्व्हर बंद करून किल्ली खिशात घालायची, अशी मुंबईच्या साहेबांची सक्त ताकीद होती. तेच साहेब प्रविणला म्हणाले होते, "शनिवारी मी येतो. तिन्ही टेबलांवरून कागद छापून निघाला तर तुम्ही पर्मनंट. नाही तर तुम्ही घरी, आणि टाइपरायटर माळ्यावरून खाली."

प्रविणने सोमवारी सगळ्यांना हाताने नंबर घातले. लांबलचक नंबर, पण फरक काय तो शेवटच्या आकड्यात. सर्व्हरला एक, हेडक्लार्क हैबतरावांना दोन, स्टोअरच्या पुंडलिकला तीन, डिस्पॅचच्या रोहिणीला चार. हैबतरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आमच्या गावात पालखीला पयला खांदा आमच्या घराचा. आज्यापासून! आन् इथं त्या कोंडलेल्या डब्याला एक, मला दोन?"

"काका, तो सर्व्हर हाय."

"असंल. त्याची काय तीस वर्षं नोकरी झालीय?"

जेवणाच्या सुट्टीत हैबतरावांनी गुपचूप स्वतःच्या कॉम्प्युटरला एक नंबर घातला. एकाच नंबरचे दोन धनी झाले आणि सगळंच ठप्प झालं. प्रविणने हात टेकले. त्याने नंबर वाटायचं काम सर्व्हरवरच सोपवलं.

"आता मी नाय, यंत्र वाटणार," त्याने जाहीर केलं. "सकाळी जो पयला मागंल त्याला अकरा, मग बारा, मग तेरा. संध्याकाळी सगळे परत." पडद्यावर कुठली चौकट उघडून आपला आकडा बघायचा, तेही त्याने दाखवलं. ही त्याची दुसरी चूक.

मंगळवारी रोहिणी दहाच्या ठोक्याला आली आणि तिला अकरा मिळाला. हैबतराव चहाला थांबले होते, त्यांच्या वाट्याला तेरा आला.

बुधवारी ते नऊलाच हजर. ऑफिसात शिपाई काळुरामखेरीज कोणी नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटर लावला, चौकट उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नंबरचा पुढचा भाग ओळखीचा नव्हताच, आणि शेवटी होते दोनशे तीन.

आपल्या आधी दोनशेजण येऊन गेले की काय, या शंकेने त्यांना घाम फुटला. साडेनऊला पुंडलिक आणि रोहिणी आले. रोहिणीने विचारलं, "काका, आज कितवा?"

"अकरा!" हैबतराव म्हणाले आणि त्यांनी चौकट मिटली.

गुरुवारी ते आठला आले. काका एवढे लवकर येतात म्हणजे अकराचं गुपित त्यांना उमगलंय, असं समजून पुंडलिक आणि रोहिणीही आठला आले. शुक्रवारी तिघं साताला. तिघांनाही रोज शंभर-दोनशेच्या घरातलेच आकडे मिळाले, आणि लाजेखातर तिघांनीही ते झाकले. आपल्या जिते गावाहून गाडीने पावणेदहाला पोहोचणाऱ्या प्रविणला दिसायचं एवढंच, की प्रिंटर मुका आहे. त्याने वायरी बदलल्या, टेबलांखाली सरपटून कपडे धुळीने माखून घेतले.

"काका, नंबर किती तुमचा?"

"अकरा."

"पुंडलिकभाऊ?"

"अकराच की."

"रोहिणीताई?"

"व्हय, मलापण अकरा!" रोहिणीने नजर चुकवली.

प्रविण कपाळाला हात लावून जिन्यावर बसला. नोकरीला एकच दिवस उरला होता. काळुराम चहा घेऊन आला.

"प्रविणभाऊ, ह्यांना जरा समजवा. सात वाजता दार उघडायला लावतात. माझी म्हैस तशीच ऱ्हाते!"

"सातला? सर्व्हर तर मी दहाला लावतो!"

आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाढणारा घरात नसेल तर पाहुणा किती वेळ पाट धरून बसणार? कॉम्प्युटर सर्व्हरची वाट बघत होते, आणि कोणी देत नाही म्हटल्यावर मनाला येईल तो नंबर स्वतःच घेत होते. त्या नंबरवरून प्रिंटर सापडणं शक्यच नव्हतं.

त्याने तिघांना गोळा केलं. "उद्या दहाच्या आधी कोणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाय. हात जोडतो."

शनिवारी सर्व्हर आधी लागला, मग बाकीचे. साहेबांसमोर तिन्ही टेबलांवरून कागद सरसर छापून निघाला. प्रविणचा जीव भांड्यात पडला. साहेब मात्र हजेरीबुकात डोकं घालून बसले होते.

"गुरुवारी आठ, शुक्रवारी सात! हैबतराव, तीस वर्षांत तुम्ही कधी साडेदहाच्या आत आला नाहीत. हे कशामुळे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कॉम्प्युटरमुळे, साहेब," हैबतराव पुटपुटले.

"वा! प्रविण, तुम्ही पर्मनंट. आणि ही शिस्त मोडायची नाही. सोमवारपासून ऑफिस साताला!"

प्रविणचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "साहेब, जित्याहून माझी पहिली गाडीच साडेनऊला पोचते हो."

"त्याची काळजी नको, साहेब!" हैबतराव ताडकन उठले. "आमच्या माडीवर खोली रिकामी हाय. भाडं नको, काय नको. मी स्वतः घेऊन येत जाईन त्याला."

सोमवारी पावणेसातला रोह्याच्या रस्त्यावरून दोघं निघाले. किल्ली प्रविणच्या खिशात होती आणि प्रविणचं मनगट हैबतरावांच्या मुठीत. सर्व्हर लागला, पाठोपाठ हैबतरावांचा कॉम्प्युटर लागला. त्यांनी चौकट उघडली, आकडा बोट ठेवून दोनदा वाचला आणि रोहिणी-पुंडलिक येईपर्यंत ती उघडीच ठेवली.