बालीच्या धबधब्यात तीन झटके

प्रशील तायडेचा बेत इतका पक्का होता, की त्यात चूक व्हायला जागाच नव्हती. तशी जागा त्याने एक्सेलमध्ये शोधूनही पाहिली होती. सापडली नाही!

बेत असा. जळगावच्या ज्या ठिबक कंपनीत प्रशील जमिनी आणि पाणी तपासायचं काम करायचा, ती कंपनी यंदा टार्गेट गाठणाऱ्या बावीस डीलरांना बाली बेटावर नेणार होती. सोबत कंपनीचा माणूस म्हणून प्रशील. आणि त्या बावीस जणांत होते शिरपूरचे आधारनाना शिरसाठ. पाइप-मोटारींचं दुकान, वय अठ्ठावन्न, आवाज पाच हॉर्सपॉवरचा. मुख्य म्हणजे सपनाचे वडील! सपना शिरपूरला फार्मसी कॉलेजात शिकवायची. प्रशीलशी लग्न करायला तिची काही हरकत नव्हती. हरकत असलीच तर ती नानांची असणार होती, आणि त्यांना अजून कोणी विचारलंच नव्हतं.

"नाना माणूस बोलण्यावरून ओळखत नाहीत," सपनाने बजावलं होतं. "पाण्यापाशी कसा वागतो त्यावरून ओळखतात. तरुणपणी विहिरीत उतरून मोटारी बसवायचे ते."

"मग झालंच काम! बालीत कॅन्यनिंग असतं."

"ते काय असतं?"

"दोराला लटकून धबधब्यातून खाली घळीत उतरायचं. गाइड सोबत असतो. नाना काठावर उभे राहून बघतील. मी डौलात खाली जाईन."

"आणि घाबरलास तर?"

"भीती माहिती नसल्यामुळे वाटते, सपना. माझ्याकडे माहिती आहे!"

होतीच. भूशास्त्रात एमएस्सी करताना तो दगडांशिवाय कशावरही चढला-उतरला नव्हता, पण कॅन्यनिंगचे एकेचाळीस व्हिडिओ त्याने टिपणं काढत पाहिले होते. दीपनगरला घरी जाऊन तीन प्रकारच्या गाठींचा सराव केला होता. त्यासाठी आईची कपडे वाळत घालायची दोरी सोडली होती आणि सरावानंतर ती नव्या, शास्त्रशुद्ध गाठीने परत बांधलीही होती.

बालीत पोचल्यावर पहिली अडचण आली. बावीसपैकी एकोणीस डीलर म्हणाले, आम्ही खरेदीला जातो. एक जण म्हणाला, मी झोपतो. उरले दोन. अमळनेरचे हिलालभाऊ, कारण कॅन्यनिंगच्या तिकिटात जेवण होतं. आणि दुसरे आधारनाना.

"नाना, तुम्ही काठावरून बघा ना," प्रशील म्हणाला.

"काठवर काय देखू, साहेब? मी बी उतरसू!"

एक्सेलमध्ये ही ओळ नव्हती.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर प्रशील विम्याचा फॉर्म वाचत बसला होता. बारीक अक्षरांची चार पानं. जगात ती वाचणारा तो बहुधा पहिलाच माणूस असावा! समोर नाना पोह्यांच्या आशेने आलेले, पण फणसाच्या भाजीवर समाधान मानलेले.

"साहेब, आपण दोरनं एक ठरवी लेऊत," नाना म्हणाले, आणि चमच्याने टेबलावर ठोकत काहीतरी समजावू लागले. टक. टक-टक. टक-टक-टक. जेमतेम अर्धा मिनिट. "ध्यानमा ऱ्हाई ना?"

"हो, हो, नाना. अगदी तसंच," प्रशील म्हणाला. डोळे कलम सातवर. त्यात लिहिलं होतं, की माकडाने चावा घेतल्यास कंपनी जबाबदार नाही.

दहा वाजता ते घळीच्या तोंडाशी उभे होते. अंगाला चिकटून बसणारे काळे रबरी सूट चढवण्यात पाऊण तास गेला. हिलालभाऊंना त्या सुटात घालायला तीन माणसं लागली आणि घातल्यावर ते भाजून साल काढायचं राहिलेल्या भरिताच्या वांग्यासारखे दिसू लागले. नानांनी स्वतःला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "सपनानी मायले फोटो धाडू नका. घरमा घेवाव नही."

गाइडचं नाव वायान. हसरा, काटक, हेल्मेटवर छोटा कॅमेरा लावलेला. घळ मात्र खरंच बघण्यासारखी! दोन्ही बाजूंना काळ्याभोर खडकाच्या उभ्या भिंती, वर नेचे लोंबलेले, मधून पाणी धावतंय. प्रशीलचं भूशास्त्र उचंबळून आलं.

"नाना, हा सगळा ज्वालामुखीतून निघालेला दगड. हे अख्खं बेटच ज्वालामुखीचं! लाव्हा थंड होऊन—"

नानांनी खडकावर हात फिरवला. एक चापटी मारून आवाज ऐकला.

"हाऊ दगड तं आपला धुळाना शे!"

"म्हणजे... तोही लाव्हाच आहे, नाना. आपला साडेसहा कोटी वर्षं जुना. हा त्या मानाने परवाचा."

"हिलाल, आयकं का? इमानमा बशीसन आपलाच दगड देखाले उनूत!"

पहिलाच धबधबा साठ फुटांचा. वायानने इंग्रजीत सूचना दिल्या, प्रशीलने त्या मराठीत आणल्या आणि मूळ सूचनेपेक्षा तिप्पट केल्या. धबधब्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी. शिट्टीचा आवाज उंच पट्टीचा, म्हणून तो पाण्याच्या आवाजातून पार होतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. तो दोर वायानच्या हातातल्या लोखंडी अडकणीतून जातो. ती अडकण घर्षणावर चालते. घर्षण म्हणजे—

"शिट्टी कसाले?" नानांनी मधेच विचारलं. "दोर शे ना! दोर बोलस."

"हो नाना, बरोबर," असं म्हणून प्रशील घर्षणाकडे वळला.

खाली डोहात वायानचा भाऊ मादे उभा होता. वर वायान, त्याच्यामागे सुरक्षेच्या साखळीला बांधलेले नाना आणि हिलालभाऊ. पहिला नंबर अर्थात प्रशीलचा. काठाकडे पाठ करून तो मागे झुकला. सपनाचा चेहरा आठवला. नानांकडे पाहून त्याने स्मित केलं. सरावलेल्या माणसाचं स्मित. आरशासमोर बसवलेलं.

पहिले वीस फूट तो खरोखर डौलात उतरला! तेवढं इतिहासात नोंदवलं पाहिजे. मग डावा पाय शेवाळावर पडला. पाय गेला, गुडघा गेला, आणि प्रशील दोराला लोंबकळत तीनदा गचके खाऊन थांबला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. एकेचाळीस व्हिडिओंपैकी सव्वीसमध्ये असंच होतं. आता वायान सावकाश खाली सोडेल.

आणि प्रशील वर जाऊ लागला!

झालं होतं असं. वर नाना सवयीने दोराला दोन बोटं लावून उभे होते. विहिरीत माणूस उतरला की काठावरच्याने दोर सोडून राहायचं नसतं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. बोटांना तीन गचके लागले मात्र, नाना कडाडले, "तीन झटका! पोऱ्या घाबरना! ओढ रे हिलाल, ओढ!"

हिलालभाऊंनी दोर धरला. अमळनेरच्या बाजारात कापसाच्या गाठी उचललेले हात ते! वायान बिचारा पंचावन्न किलोचा.

"नो टच, पापा! नो टच!"

"हाऊ काय म्हनस?"

"पापा म्हनी ऱ्हायना, नाना. जवळना समजस."

प्रशील दहा फूट वर येऊन बरोबर तिथे थांबला, जिथे धबधबा सगळ्यात जाड होता. डोक्यावर कोणी टँकरचा व्हॉल्व्ह उघडावा तसं पाणी! तो ओरडला, "सोडा! मी ठीक आहे!" पाण्याने ते वाक्य जागच्या जागी गिळलं. त्याने हात हलवले, पाय हलवले. हलण्याने दोर हलला. गच-गच-गच. आणखी दोन फूट वर!

आता मात्र शास्त्रज्ञ जागा झाला. धडपड केली, की वर. म्हणजे दोराच्या हालचालीचा आणि वरच्या लोकांचा काहीतरी संबंध आहे. किती वेळा हलला होता दोर? तीनदा. पहिल्यांदाही तीनदा! मग एकदाच हलवला तर? त्याने श्वास रोखला, अंग कडक केलं आणि दोराला नेमका एक झटका दिला.

वर नाना म्हणाले, "एक. सोड." दोघांनी हात सैल केले. वायानने देवाचे आभार मानून अडकण मोकळी केली आणि प्रशील अलगद आठ फूट खाली आला.

"यस्स!" धबधब्याच्या पोटात लटकून, नाकातोंडात पाणी जात असताना, प्रशीलला एमएस्सीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता एवढा आनंद झाला. नियम सापडला! अजून एक झटका. अजून आठ फूट. अजून एक. खाली डोह दिसू लागला. मादे हात पसरून उभा. पंधरा फूट राहिले. दहा.

आणि नाकात गेलेल्या पाण्याने आपलं काम केलं.

"हाक् छी! हाक् छी!"

दोनच बरं, दोनच, प्रशीलने स्वतःला बजावलं. नाक चिमटीत धरलं. डोळे मिटले.

"हाआआक् छी!!"

"तीन!" वरून गर्जना झाली, आणि प्रशील लग्नाच्या मांडवातल्या झेंडूच्या माळेसारखा सरसर वर गेला. खालून मादे त्याच्याकडे बघत राहिला. त्याने आयुष्यात शेकडो पर्यटक खाली येताना पाहिले होते. परत निघालेला हा पहिलाच!

शिंका ओसरल्यावर प्रशीलने पुन्हा एकेक झटका देत, बर्फावर चालणाऱ्या मांजराच्या काळजीने प्रवास सुरू केला. अखेर पायाला वाळू लागली. पोचला! तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, वर पाहिलं, नानांचं हेल्मेट दिसलं. आता तरी त्यांना कळू दे, की आपण घाबरलो नव्हतो. विजयी वीराच्या थाटात त्याने दोर दोन्ही हातांत धरला आणि डोक्यावर नेऊन हलवला. एकदा! दोनदा! तिस—

"अरे नको, नको, नको!"

या वेळी मादेने त्याचे पाय धरले. क्षणभर प्रशील दोन्ही बाजूंनी ताणला गेला, ठिबकच्या नळीची ताकद तपासतात तसा. मग मादेने शहाणपणा केला. हात वर घालून त्याने प्रशीलच्या कमरेची कडी दोरातून सोडवली. प्रशील धपकन पाण्यात पडला. दोर एकटाच वर गेला.

रिकामा दोर काठावर आला. हिलालभाऊ नंतर सांगत होते, की म्हाताऱ्याचा चेहरा असा त्यांनी कधी पाहिला नव्हता. नानांनी साखळी सोडली, तो दोर उचलला, स्वतःच्या कडीत अडकवला आणि वायान "वेट, पापा!" म्हणेपर्यंत ते काठावरून उतरलेसुद्धा! साठ फूट. शेवाळावर पाय कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे जणू धबधब्यानेच त्यांच्या कानात सांगितलं होतं. वायान नुसता दोर सोडत राहिला. तळाला पोचताच नानांनी दोराला दोन झटके दिले आणि पाण्यातून खळाखळा चालत येऊन प्रशीलची गचांडी धरली.

"पोऱ्या! दोन झटका का बरं नही दिन्हात?"

"नाना, मी... दोन?"

"इहिरमाईन रिकामा दोर वर येस, तवय काय वाटस, तुले माहीत शे?"

प्रशीलकडे एकेचाळीस व्हिडिओंची माहिती होती. ही नव्हती. नाना दुसऱ्या हाताने त्याची हाडं चाचपून पाहत होते, हे त्याला तेव्हा कळलं. सकाळपासून ते आपल्याला 'साहेब' म्हणत होते आणि आता म्हणत नाहीत, हेही कळलं.

"चुकलो, नाना," तो म्हणाला. एवढंच. घर्षणाबद्दल काही बोलला नाही.

नानांनी गचांडी सोडली. एका खडकावर बसले. त्याच्याकडे नीट पाहिलं. नाकातून पाणी, हेल्मेट तिरकं, एका पायातला बूट गायब. आणि नाना हसू लागले! आधी खांदे हलले, मग पोट, मग तो पाच हॉर्सपॉवरचा आवाज अख्ख्या घळीत घुमला. मादे हसला, वरून वायान हसला, आणि हिलालभाऊ ओरडले, "जेवण कवय शे?"

हसू आवरल्यावर नाना म्हणाले, "सपनानी माले चौदा एप्रिललेच तुमनं बठ्ठं सांगी टाकं. मी बालीमा दगड देखाले नही उनू. तुले देखाले उनू."

प्रशीलच्या पायातला उरलेला बूटही गेल्यासारखा झाला. "मग, नाना... तुमचं काय मत?"

नाना खडकावरून उठले. जाता जाता प्रशीलच्या कमरेचा पट्टा धरून त्यांनी दोन झटके दिले आणि पुढच्या डोहाकडे निघून गेले.

दोन! एक म्हणजे सोड. तीन म्हणजे ओढ. हे त्याने स्वतःच्या जिवावर सिद्ध केलं होतं. पण दोन म्हणजे काय? दोनचा प्रयोग झालाच नव्हता! विचारायची सोय नव्हती, कारण सकाळी आपण 'अगदी तसंच' म्हणालो होतो. उरलेले चार धबधबे प्रशील कसा उतरला, हे त्यालाच आठवत नाही. डोक्यात एकच. दोन म्हणजे काय? दूर हो? दुसरी बघ?

संध्याकाळी हॉटेलवर पोचताच त्याने सपनाला फोन लावला.

"सपना, विहिरीत दोराला दोन झटके म्हणजे काय गं?"

सपनाने उलट विचारलं.

"नाश्त्याला नानांनी सांगितलं नव्हतं का तुला?"

"मी कलम सात वाचत होतो."

"कसलं कलम?"

"माकडांचं."

सपनाने दीर्घ श्वास घेतला. मग तिचा आवाज जरा बदलला. "दोन झटके म्हणजे माणूस तळाला टेकला. आता काळजी नाही, दोर बांधून टाका. नानांनी दिले का तुला?"

प्रशील पलंगावर उभा राहिला. मग पलंगावर उड्या मारल्या. तीन. आणि चौथीही मारली, उगाच तीनवर थांबायला नको म्हणून!

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. दीपनगरहून आई.

"पाहिला बरं का तुझा व्हिडिओ. त्या गाइडच्या टोपीतला. हिलालभाऊंनी ग्रुपवर टाकला, तिथून रुक्माबाईंकडे गेला, त्यांनी मला पाठवला."

"रुक्माबाई? सपनाची आई? तुमची ओळख कधी झाली?"

"एप्रिलपासून रोज बोलतो आम्ही. ते असू दे. लग्नाचं आम्ही मोठी माणसं बघतो. तू आलास की आधी ती कपड्यांची दोरी बघ. तुझ्या त्या गाठीने तिसऱ्यांदा धुणं चिखलात पाडलंय!"

"बांधतो, आई. आल्या आल्या बांधतो."

"तू नको. बाबा बांधतील," आई म्हणाली. "तू शेजारी उभा राहून माहिती सांग."