मुंजाच्या टेकडीवरचा पाऊस

सौंसरच्या सरकारी कचेरीत बडेबाबू पुंडलिकरावांनी दिल्लीचं पाकीट फोडलं, आतला कागद दोनदा वाचला, खिडकीबाहेर पाहिलं आणि मोरेश्वरला हाक मारली. खिडकीबाहेर मे महिन्याचं असं ऊन होतं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"काय रे मोरेश्वर, तुह्या टेकडीवर पाऊस पडून राहिला काय?"

"पाऊस? आता?"

"दिल्लीवाले म्हणतात, रोज पडून राहिला. बारा ते एकच्या मंधात, बावीस मिलिमीटर. अखजीच्या दिवसापासून सलग दहा दिवस बावीस! अन् तुह्या रजिस्टरात काय हाये? निरंक."

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया आणि निरंक म्हणजे शून्य. तिकडच्या सरकारी कागदांचा हा लाडका शब्द, आणि मोरेश्वरचा तर फारच लाडका. त्यामागे एक गुपित होतं.

सत्याऐंशीच्या जानेवारीत दिल्लीहून माणसं आली आणि बोरगावच्या मागच्या टेकडीवर एक यंत्र उभारून गेली. लोखंडी खांब, त्यावर पांढरा पत्र्याचा डबा, उन्हावर चालणारी निळी काचेची पाटी, आभाळाकडे तोंड करून बसलेली तारेची गुंडाळी आणि बाजूला पाऊस झेलायचं मोठं नरसाळं. ऊन, वारा, पाऊस मोजून हा डबा दर तासाला आकडे थेट उपग्रहाला कळवायचा आणि उपग्रह दिल्लीला. मध्ये तार नाही, पोस्टमन नाही. यंत्राला आभाळ मोकळं लागतं म्हणून टेकडीवरचा एकुलता एक पिंपळ तोडला. त्या पिंपळावर मुंजा होता. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, अशा कुणा पोराचं ते भूत. भर दुपारी बाराला ते जागं होतं, असं बोरगावात सगळे सांगत. पिंपळ गेला तर मुंजा कुठं गेला, हा प्रश्न दिल्लीच्या लोकांना पडला नाही. गावाला पडला, आणि त्या डब्यातून आपोआप 'टक्' असा आवाज येतो हे कळल्यावर गावाला उत्तरही मिळालं.

मोरेश्वर त्याच गावचा. आठ वर्षं रोजंदारीवर होता. रोज सकाळी आठला टेकडी चढायची, काच पुसायची, नरसाळ्यातला पालापाचोळा काढायचा आणि पाऊस रजिस्टरात लिहायचा, हे काम त्याला मिळालं होतं. पहिल्या दिवशी तो चढला आणि त्याच्यासमोर डबा 'टक्' बोलला. त्यानंतर तो कधी चढला नाही. सकाळी सायकल काढायची, बायकोला "टेकडीवर जाऊन येतो" म्हणायचं आणि सौंसरला गुलाबच्या चहाच्या दुकानात बसून आभाळाकडे बघायचं. उन्हाळ्यात निरंक लिहायला टेकडी कशाला चढायला हवी?

"सबनीस म्हणून इंजिनियर येऊन राहिला गुरुवारी," पुंडलिकराव म्हणाले. "यंत्र खोटं निघालं तं तो यंत्र उचलून नेईन. रजिस्टर खोटं निघालं तं तुले. तुले पक्कं करायची फाइल साहेबाच्या टेबलावर हाये, म्हून सांगतो. खरं खरं सांग, तू रोज जातं ना?"

"हाव जी. रोज."

चोराच्या मनात चांदणं. मोरेश्वरला त्या रात्री झोप आली नाही. पाऊस पडत नव्हता हे त्याला ठाऊक होतं. यंत्र खोटं बोलत असतं तर कधी दहा म्हणालं असतं, कधी चाळीस. रोज ठरल्या वेळी, ठरलेलं बावीसच कोण पाडत होतं?

इंजिनियर येण्याआधी आपण एकदा पाहून यावं, म्हणून बुधवारी दुपारी तो एकटा निघाला. बाराला वर पोचायचं ठरवलं होतं, पण पायथ्याच्या बाभळीखाली हिंमत गोळा करण्यात दहा मिनिटं गेली. वर चढताना पहिली गोष्ट त्याच्या लक्षात आली ती पायवाट. जिथं कुणी जात नाही तिथं वाट मळलेली होती. वारा पडला होता. पाखरू बोलत नव्हतं. स्वतःच्या चपलेचा आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटू लागला आणि तो दोनदा मागे वळला.

वर कुणी नव्हतं. निळी काच लख्ख पुसलेली होती. नरसाळ्यात एक पानसुद्धा नव्हतं. खांबाला कुंकू लागलं होतं आणि पायाशी जास्वंदीचं ताजं फूल होतं. मोरेश्वरनं नरसाळ्याला हात लावला. आभाळातून आग बरसत होती आणि नरसाळं ओलं होतं, माठातल्या पाण्यासारखं गार. त्यानं खाली पाहिलं. तापल्या खडकावर ओली पावलं होती, लहान, अनवाणी. ती टेकडीच्या पलीकडच्या बाजूला गेली होती आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकेक करून नाहीशी होत होती. शेवटचं पाऊल वाळलं आणि डब्यात आवाज झाला, टक्.

मोरेश्वर टेकडी कसा उतरला ते त्याला कधीच आठवलं नाही. घरी पोचला तेव्हा एक चप्पल पायात होती.

"दुसरी कुठी हाये?" त्याची बायको नलिनी म्हणाली.

"सकाळी टेकडीवर तुटली. टाकून देली तिथंच."

"अन् दिवसभर सौंसरात एका चपलेवर फिरले?"

"ऊन लागलं मले," मोरेश्वर म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. नलिनीनं त्याच्या कपाळावर कांद्याचा रस चोळला आणि हळूच हात जोडून कुणाला तरी काही सांगितलं.

गुरुवारी सबनीस आले. टोपी, गॉगल, हातात आकड्यांची लांबलचक पट्टी. भुताखेतांशी त्यांचा संबंध नव्हता, त्यामुळे ते भराभर चढले. मोरेश्वर मागे रेंगाळत होता. बाराला पाच कमी असताना ते यंत्राशी पोचले.

"नरसाळं फार छान ठेवलंय तुम्ही," सबनीस म्हणाले. "आणखी सहा ठिकाणी आमची यंत्रं आहेत. कुठं चिमणीचं घरटं, कुठं मुंग्या. मग इथंच हा गोंधळ का? रोज चव्वेचाळीस टोले! आत दोन चिमुकले चमचे आहेत. अर्धा मिलिमीटर पाणी साचलं की चमचा कलंडतो आणि टक् होतं. पाणी पडल्याशिवाय चव्वेचाळीस वेळा टक् होणार नाही. तुम्ही रोज येता, तुम्हीच सांगा."

मोरेश्वरनं सांगायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. ते चढून आले होते त्याच वाटेनं काहीतरी पांढरं वर येत होतं. आधी डोकं, मग खांदे. तोंड नव्हतंच, सगळं पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं. पावलांचा आवाज नव्हता. मोरेश्वरनं सबनिसांची बाही घट्ट धरली, डोळे मिटले आणि रामनाम सुरू केलं. कुणीतरी अगदी जवळ येऊन थांबलं.

"काहो," पांढरं फडकं म्हणालं, "ही चप्पल तुमचीच ना? वाटेच्या बाजूले काट्यात पडली होती."

मोरेश्वरनं डोळे उघडले. एका हातात पाण्यानं भरलेला तांब्याचा गडू आणि दुसऱ्या हातात त्याची चप्पल घेऊन नलिनी उभी होती.

"बाई, तुम्ही कोण?" सबनिसांनी बाही सोडवत विचारलं.

"यायची बायको. पिंपळ तोडला तुमी लोकायनं, मुंजाले घर नाई राह्यलं. अन् हे रोज सकाळी एकटे येतात इथं. मले भेव लागते. अखजीले आपण गेलेल्या मानसाले पानी देतो, तसं त्या दिवशी मुंजाले देलं. म्हनलं, बाबा, माह्या मानसाले सांभाळ. तं तो बोलला!"

"बोलला?"

"टक्, टक्. पानी टाकलं का बोलते. मी मोजते न. गडूभर पान्याले चव्वेचाळीस डाव बोलते. एकही कमी नाई. मंग पलीकडून विहिरीवरून घरी जाते मी."

तिनं गडू नरसाळ्यात ओतला. सबनीस घड्याळ आणि पट्टी हातात धरून डब्याला कान लावून उभे राहिले. चव्वेचाळीस झाले.

"मग मोरेश्वर," सबनीस वळले, "तुम्ही रोज सकाळी येता. हे फूल, हे कुंकू कधी दिसलं नाही तुम्हाला?"

नलिनी हसली. 'असं कसं, दिसलंच असन,' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर हातातल्या चपलेवर गेली. तुटलेली नव्हती. सकाळी टाकली म्हणाले होते, आणि काल बाराला ती स्वतः त्या वाटेनं आली तेव्हा ही तिथं नव्हती. तिनं चपलेकडून नवऱ्याकडे पाहिलं. मोरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस उन्हात अनवाणी चढून ज्याच्या काळजीनं तिनं पाणी घातलं, तो गुलाबच्या दुकानात चहा पीत बसला होता.

"दिसते न त्यायले," नलिनी सबनिसांना म्हणाली. "शिळं फूल तेच काढतात सकाळी. मले बोलले नाई, मी रागावीन म्हून."

सबनिसांनी मान डोलावली आणि वहीत लिहायला सुरुवात केली. घरी आल्यावर नलिनीनं गडू घासून कोनाड्यात ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून हा तुमी न्यायचा."

सबनिसांचा अहवाल महिन्याभरानं आला. हे केंद्र सर्वांत नीट ठेवलेलं आहे, रोज ठरावीक पाणी ओतून यंत्राची तपासणी घेण्याची इथली पद्धत अनुकरणीय आहे, ही तपासणी निरीक्षकानं यापुढेही रोज दुपारी बारालाच घ्यावी आणि तिचा आकडा दिल्लीहून दरमहा कळवला जाईल. मोरेश्वर पक्का झाला. पुंडलिकरावांनी पेढे वाटायला लावले. आणि तेव्हापासून ऊन असो की थंडी, मोरेश्वर रोज बाराला गडू घेऊन मुंजाची टेकडी चढू लागला. खाली नलिनी, वर उपग्रह. न जाऊन करतो काय!

डिसेंबरात नलिनीच्या भावाचं लग्न निघालं. दोघंही एक दिवस घराला कुलूप लावून पांढुर्ण्याला गेले. गडू कुलपाच्या आत होता. एका दिवसाचा खाडा पडणार, दिल्लीला काय सांगायचं, हे मोरेश्वरनं लग्नाच्या पंगतीतच ठरवून ठेवलं होतं.

जानेवारीत आकड्यांची पट्टी आली. पुंडलिकराव खूश झाले.

"वा रे पठ्ठ्या! पुऱ्या महिन्यात एक खाडा नाई. रोज बारा वाजता चव्वेचाळीस."

मोरेश्वरनं पट्टी ओढून घेतली. लग्नाच्या तारखेवर बोट ठेवलं. चव्वेचाळीस. त्यानं बोट उचलून पुन्हा ठेवलं. तरी चव्वेचाळीस.

संध्याकाळी त्यानं घाबरत घाबरत नलिनीला सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुमी नाई गेले तं त्यानं टाकलं असन," ती म्हणाली. "त्याले कुठी हाये गुलाबचं दुकान!"

दुसऱ्या दिवशी कचेरीत पुंडलिकरावांनी डिसेंबरचं हजेरीचं रजिस्टर पुढं सरकवलं. महिनाभराच्या सगळ्या सह्या होत्या, एक रकाना तेवढा कोरा होता.

"ही राह्यली बघ तुही. कर सही."

मोरेश्वरनं पेनाचं टोपण लावलं.

"नाई जी," तो म्हणाला. "त्या दिवशी ड्युटीवर मी नव्हतो."