घोड्याचं नाव भुऱ्या

कल्याण स्टेशनवर गाड्यांची नावं सांगणारी बाई म्हणजे आपली लेक भावनाच, हे धर्मानं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिनं घरी 'आवाजाचं काम लागलं' एवढंच सांगितलं होतं. पुढचं सगळं बापाचं. तो गावभर सांगत सुटला आणि भावनाला ते खोडून काढायचा धीर झाला नाही.

खरं तर ती मुंबईत एका स्टुडिओत कॉम्प्युटरवरच्या खेळांना आवाज द्यायची. दिवसभर किंचाळायचं, वार झेलून मरायचं आणि साहेबांना मरण आवडलं नाही तर पुन्हा मरायचं. तिला हे काम जिवापाड आवडत होतं. पण पोर पैसे घेऊन बोंबलते हे बापाला कळलं, तर तो घरी बसवील, याची तिला धास्ती होती.

यंदा तिला घोडेस्वार राणी मिळाली. घोड्याचं नाव पवनवेग. 'पवनवेगा, धाव!' म्हणून म्हणून जिभेला गाठ पडली आणि दमलेल्या भावनाच्या तोंडून घरच्या बैलाला मारायची हाक निघाली, "भुऱ्याऽऽ! ये रे माज्या राजा!"

काचेपलीकडचे साहेब उडालेच. "हेच पाहिजे! आजपासून घोड्याचं नाव भुऱ्या."

इकडे खरा भुऱ्या रुसून बसला होता. वासरू असल्यापासून तो भावनाच्या हातचं खाऊन वाढलेला. ती नोकरीला लागल्यापासून कुणाचं ऐकेना, नांगराला जुंपला की मधेच बसकण मारायचा. शेवटी वैतागून धर्मानं त्याला म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत विकायला काढला. भावना रजा घेऊन, डोळे पुसत सोबत गेली.

शहापूरकडचा भगीरथ नावाचा गिऱ्हाईक बैलाचे दात बघून खूश झाला. "गरीब हाय ना पन?"

"अरे, गाय हाय गाय!" धर्मा म्हणाला. "जागचा हलायचा नाय."

तेवढ्यात शेजारच्या कापडी पालातल्या कर्ण्यातून आरोळी आली, "भुऱ्याऽऽ! ये रे माज्या राजा!"

भुऱ्यानं कान टवकारले, दावं हिसडलं आणि बांगड्यांच्या दुकानातून आरपार निघाला. त्या पालात जनरेटर लावून कॉम्प्युटरवर नुकताच बाजारात आलेला तोच राणीचा खेळ मांडला होता. खेळणाऱ्यानं वर पाहिलं तर समोर शिंगं. घाबरून त्यानं सगळी बटणं एकदम दाबली, तशी राणी हाकांवर हाका मारू लागली. धर्मानं बैल ओढून बाहेर काढला, की राणी बोलवायची आणि बैल परत आत. तिसऱ्या खेपेला दाव्याला लोंबकळत भगीरथही आत गेला.

"मला नको तुमची गाय!" तो धूळ झटकत ओरडला. "याला बोलवतंय कोन, ते बगा आदी!"

भुऱ्या कॉम्प्युटरचा पडदा चाटत होता. धर्मा कर्ण्याकडे बघत राहिला. लेकीचा आवाज बैलाला कळतो आणि बापाला कळत नाही, असं कसं होईल?

"भावने, ही तू गो?"

"हो बाबा. मीच."

"मंग टेसनावर कोन बोलतंय?"

"ती दुसरी बाय हाय, बाबा."

"अगो, मी येताजाता त्या दुसऱ्या बायला 'जेवलीस का' इचारतो!"

आजूबाजूचे खो खो हसले. भावनाला हसू येत होतं आणि रडूही. आता संपलं आपलं मुंबईचं काम, असं तिला वाटलं. धर्मा मात्र पडद्याजवळ जाऊन निरखून बघू लागला.

"तू भुऱ्या म्हनतंस, आनि येतो तो कोन?"

"घोडा."

धर्माचा चेहरा लालबुंद झाला. "घोडा? माज्या बैलाचं नाव घोड्याला?"

"साहेबांनीच दिलं, बाबा."

"सोमवारी कामावर गेलीस ना, का पयलं त्या सायबाला सांग," भुऱ्याचं दावं लेकीच्या हातात देत धर्मा गरजला, "म्हनावं, घोडा काढ नि बैल घाल! नायतर माजी पोर हाक मारायची नाय!"