उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

१९ जानेवारी २००८, शनिवार. काम साधं होतं: परचुरे काकांची एका फॉर्मवर सही आणायची. आमच्या वेस्ट विंडसरच्या कॉलनीची एक कमिटी आहे आणि मी तिची सेक्रेटरी. खिडकीत बाहेरून पांढरा पडदा दिसला पाहिजे, दुसरं काही चालत नाही, असा नियम आहे. काकांनी खिडकीला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला होता. मी डिसेंबरात पत्र पाठवलं, त्यांनी तो काढला. आता ‘दोष दूर झाला’ ह्यावर त्यांची सही मिळाली की फाइल बंद.

पण कागद गेला आणि खिडकीत काका स्वतः उभे राहायला लागले. रोज दुपारी दीडला, अर्धा-पाऊण तास, तेही खिडकीकडे पाठ करून. माणूस खिडकीत उभा राहतो तो बाहेर बघायला. काकांची आम्हाला नुसती पाठ दिसायची, तपकिरी स्वेटरमधली. त्याच आठवड्यात माझ्याकडे हळदीकुंकू झालं, तेव्हा मी ती पाठ करून दाखवली. बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या.

परचुरे काका काचेचे इंजिनियर. तेहतीस वर्षं काचेच्या भट्टीपाशी काढून रिटायर झालेले. कोणाकडे गेले की पाणी पिण्याआधी ग्लास उजेडाकडे धरायचे. माझ्याकडे एकदा शिरा खाल्ला आणि काचेचा रिकामा बाउल आडवा करून कडेनं बघत बसले.

“शेवाळ्यासारखी हिरवी आहे बघ कड. लोखंड आहे हिच्यात.”

“काका, शिरा कसा झाला होता?”

“शिरा बरा होता. शिऱ्यात लोखंड नव्हतं.”

काच पारदर्शक असते असं कोणी म्हटलं की ते चिडायचे. “काच काय पोस्टमन आहे, आलं ते पुढे पोचवायला? थोडा उजेड ती परत पाठवते, थोडा गिळते, उरलेला आत सोडते. कुठल्या काचेनं किती परत पाठवायचा हे ठरवण्यात माझा जन्म गेला.”

आणि त्यांचा एक ठरलेला विनोद होता. ती काच आणि तो काच. ती काच खिडकीतली. तो काच म्हणजे नाडीचा, बुटाचा, सासूचा. कोणी नवा चष्मा घालून दिसला की काका विचारायचे, “काय, ती की तो?” म्हणजे नीट दिसतंय की नाकावर काचतोय? पहिल्यांदा मला गंमत वाटली. विसाव्यांदा मी नुसतं “हो हो” म्हणायला शिकले.

जूनमध्ये आम्ही वरच्या मजल्याच्या खिडक्या बदलल्या. दुहेरी काचेच्या, आतून लेप दिलेल्या, हिवाळ्यात ऊब धरणाऱ्या. कुठल्या घ्यायच्या ते काकांनीच सांगितलं होतं. बसवायच्या दिवशी ते आले आणि थेट माझ्या देवघरातलं निरांजन उचलून खिडकीपाशी गेले.

“चार ज्योती दिसतायत? दोन काचा, चार पृष्ठभाग. त्यातली एक वेगळ्या रंगाची आहे, ती लेपाची. आहे, जागेवर आहे. पास.”

खिडक्या बसवणारा गोरा माणूस हातातलं काम टाकून बघत होता. हे काही धार्मिक आहे का, असं त्यानं मला हळूच विचारलं. मी हो म्हटलं. समजावून सांगण्यात तासभर गेला असता.

सप्टेंबरात काकूंना अर्धांगाचा झटका आला. मी हॉस्पिटलमध्ये एकदा सूप घेऊन गेले. नोव्हेंबरात त्या घरी आल्या. जिना चढता येत नाही म्हणून त्यांचा पलंग खाली हॉलमध्ये लावला, एवढं मला माहीत होतं. बघायला जायचं राहून गेलं. आमच्या घरांमध्ये हिरवळीचा एक पट्टा आहे, पंधरा पावलांचा.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी काका टपालपेटीपाशी भेटले. म्हणाले, “सुनंदाबाई, तुमच्या तिचा आम्हाला तो होतोय हो.”

मी हसले. “काका, तुमचं आपलं काहीतरी,” म्हटलं आणि माझी पत्रं घेऊन निघाले. तेही हसले. पुढच्या आठवड्यात खिडकीला कागद लागला. रोज वेगळ्या जागी. वाटलं, म्हातारा एकटेपणानं भ्रमिष्ट होत चालला.

तर त्या शनिवारी मी फॉर्म घेऊन गेले. दीड वाजून गेला होता. बेल वाजवली तर आतून हाक आली, “उघडंच आहे. मला हलता येत नाही, तूच ये.”

काका खिडकीला पाठ लावून उभे होते. समोर पलंगावर काकू. काकांची सावली बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर होती आणि सावलीच्या दोन्ही बाजूंना उशीवर पांढरं ऊन. डोळे दिपवणारं. ती खिडकी उत्तरेची आहे. उत्तरेच्या खिडकीत जानेवारीत ऊन यायचं कारण नाही.

“हिचा डावा डोळा मिटत नाही,” काका म्हणाले, “आणि मान ह्याच बाजूला वळते. पडदा ओढला की घाबरते, हातानं खूण करते, उघड म्हणून. बाहेर बघण्यावरच तर दिवस काढते ती. म्हणून कागद. तेवढ्याच पट्ट्यापुरता, तो रोज थोडा सरकतो. दे, सही करतो. पण तू आधी इथे उभी राहा. मी सरकलो की लगेच.”

आम्ही जागा बदलली. क्षणभर ऊन काकूंच्या तोंडावर पडलं आणि उजवा हात पांघरुणाखालून वर यायला धडपडला. मग माझी सावली पडली आणि हात परत खाली गेला. पाठ भाजेल इतकी ऊब होती. मी मान वळवून मागे पाहिलं. माझ्या वरच्या मजल्याची खिडकी पेटल्यासारखी दिसत होती.

“काका, तुम्ही सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. तू हसलीस.” ते टेबलापाशी चष्मा शोधत होते. “मग म्हटलं, पास तर मीच केली होती. थंडीत दोन काचांमधली हवा आकसते, काचा आत दबतात, त्यांचा अंतर्गोल आरसा होतो. मी जूनमध्ये ज्योती मोजल्या, जानेवारी मोजायचा राहिला. सही कुठे करायची? इथे? ‘दोष दूर झाला’ समोर?”

मला हो म्हणावं लागलं. त्यांनी इंजिनियरच्या सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

“बाहेरून डासांची जाळी लावलीस तर बरंच कमी होईल,” ते म्हणाले.

जाळ्या मी जूनमध्येच फेकून दिल्या होत्या. त्यांच्यामुळे बाहेरचं नीट दिसत नाही म्हणून. “काका, तुम्ही बसा, गुडघे सुजलेत तुमचे,” एवढंच म्हटलं. ऊन उशीवरून उतरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. काकू पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होत्या. त्यांना दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

रविवारी सकाळी सात वाजता मी वरची खिडकी उघडली. बाहेर गोठवणारी थंडी होती. ह्या खिडक्यांचे वरचा आणि खालचा असे दोन भाग असतात, दोन्ही वर-खाली सरकतात. वरचा भाग जरा खाली ओढून चादरीचं एक टोक त्याच्या वरच्या फटीत दाबलं, चादर बाहेरून खाली सोडली आणि दुसरं टोक आत ओढून खालच्या भागाखाली पक्कं केलं. जाळ्या नव्या येईपर्यंत ती तिथेच राहील. गुलाबी फुलांची आहे, रस्त्यावरूनसुद्धा दिसते. कपाटात पांढरी होती. ती मी काढली नाही.