शब्बीरचाचांच्या कव्वालीतली ती

आमच्या घरी वीज नव्हती. बाप कंधारच्या मोंढ्यात हमाल, आई दुसऱ्याच्या शेतात निंदणीला. सातवीपासून माझा अभ्यास झाला तो शेजारच्या शब्बीरचाचांच्या गादीच्या दुकानात, त्यांच्या बल्बाखाली. चाचांनी त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. फक्त अर्थ ऐकावे लागत.

चाचा कापूस पिंजताना कव्वाली लावत आणि दर ओळीला पिंजायचं मशीन बंद करून तिचा अर्थ सांगत.

"पोरी, शराब म्हंजे शराब न्हाई. अल्लाची ओढ हाय ती. साकी म्हंजे मुर्शद. गुरू. आन् माशूक, जिच्यासाठी हा रडून राहिला, ती बाई न्हाईच."

"मग कोण?"

"वर बघ."

मी वर बघायची. वर बल्ब असायचा.

गुरुवारी दर्ग्यात कव्वाली बसली की चाचा मध्येच उभे राहून अर्थ सांगत. कव्वालांनी त्यावर इलाज काढला होता. चाचा हलले की एक जण त्यांच्या हातात चहाची काठोकाठ भरलेली बशी द्यायचा. भरली बशी घेऊन माणसाला उठता येत नाही.

चाची दुकानातच उशांच्या खोळी शिवत. "लग्नाला चाळीस वर्सं झाली," त्या म्हणायच्या. "समदी गाणी अल्लामियाला. माझ्या नावाची एक तरी ओळ हाय का?"

"तौबा कर. ही वाटून द्यायची चीज हाय का?" चाचा म्हणायचे, आणि मशीन सुरू करायचे.

बीएच्या पेपरात कवितेतल्या प्रतीकांवर प्रश्न आला. मी चार पानं लिहिली. गाईड मी घेतलंच नव्हतं. आमच्या घरातली पहिली पदवी अशी आली.

गेल्या साली नांदेडला चाचींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. फॉर्म भरायला मी सोबत होते. आत न्यायच्या आधी चाची घाबरल्या, चाचांचा हात सोडेनात.

"अजी, एक डाव गाऊन दाखवा. आन् आज वर बघायचं न्हाई."

चाचांनी आजूबाजूच्या खाटांकडे बघितलं. मग तीच रोजची, माशूकच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्याची कव्वाली बारीक आवाजात सुरू केली. चाचींकडे बघत. लई बेसूर. दर ओळीला ते थांबतील म्हणून मी वाट बघितली. थांबले नाहीत.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, "देवाचं हाय का हो?"

"न्हाई, मावशी," चाचा म्हणाले. "घरचं हाय."

चाची बऱ्या होऊन आल्या. चाचा अजूनही मशीन बंद करून अर्थ सांगतात. चाची खोळी शिवत असतात, मध्ये बोलत नाहीत. त्यांना त्यांची ओळ मिळाली.