दिगंबरचा आतला हुकूम

आमचा शेजारी दिगंबर घरात शिरताना ‘जोडलो’ म्हणतो आणि निघताना ‘सुटलो’. पुण्यात संगणकाचं काम करून लागलेली खोड. नोंदींच्या कोठारात शिरताना आधी जोडायचं, काम झालं की सुटायचं, असं तिथं असतं म्हणे. बायको शकुंतला इथं ईट गावात म्हैस सांभाळायची. ती गेल्यावर हा परत आला, म्हैस विकली आणि दूध केंद्राचा संगणक बघू लागला.

त्याचं पालुपद एकच, “बाहेरून न्हाय मावशी, आतून सांगायचं.” कोंबडी खुडूक बसली तर हा खुराड्यात डोकं घालून तिला समजावतो.

केंद्रावर दूध मोजलं की स्पीकरमधून बाईचा आवाज नाव आणि लिटर सांगतो. पहाटे पहिली मी असते. एके दिवशी माझे चार लिटर सांगून झाल्यावर तोच आवाज म्हणाला, “शकुंतला दिगंबर, शून्य लिटर.”

कुणी हललं नाही. शकुंतलाला जाऊन वर्ष होत आलं होतं. मग रोजच ते सुरू झालं. बायका रांगेत माझ्यामागं एका माणसाची जागा मोकळी सोडू लागल्या. कळंबहून आलेला दुरुस्तीवाला म्हणाला, बाहेरून असा हुकूम कुणी दिलेलाच नाही. तो चहाला थांबला नाही.

भुताखेतांना मी भीत नाही. दिगंबरला सरळ विचारलं, तूच ना? तो व्हय म्हणाला. बरेच दिवस दूध आलं नाही की संगणक सभासदाचं नाव आपोआप काढतो. म्हणून त्यानं कोठाराच्या आतच एक जोडभाग, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, बसवला होता. दिवसाची पहिली नोंद पडली की तो आतूनच हुकूम सोडायचा आणि शकुंतलाच्या नावावर शून्य लिहायचा. धान्याच्या पेवात माणूस उतरवून ठेवल्यासारखं.

“आन् बोलायला कुणी सांगितलं?”

“ते म्या न्हाय सांगितलं. नोंद पडली की स्पीकर बोलतोच.”

“मग बंद का न्हाय केलंस?”

तो स्पीकरकडं बघू लागला. त्याचं काम दहाला सुरू व्हायचं, तरी हा पहाटेच भिंतीला टेकून का उभा असतो, ते मला तेव्हा कळलं.

केंद्राच्या अध्यक्षांनी दम दिला, आजच्या आज काढ. त्यानं काढलं. दुसऱ्या पहाटे माझं नाव झालं आणि पुढं नुसती खरखर. मागची जागा तशीच मोकळी. आता नाव जाणार, हे दिगंबरच्या तोंडावर दिसत होतं.

घरच्या चहाचं दूध मी चरवीत आणलं होतं. यातलं पाव लिटर शकुंतलाच्या नावावर घाला, मी म्हणाले. मेलेल्या सभासदाचं दूध घेता येत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. दूध म्हैस देते आणि माझी म्हैस जिवंत आहे, असं मी म्हणाले.

दिगंबर भिंतीकडं तोंड करून हळूच बोलला, “मावशी, पाव लिटर ती कधीच घालायची न्हाय. एवढंसं घालायला लाजायची.”

मी चहाचा विचार सोडला आणि चरवी पुरती उपडी केली.